संगणकातलं व्यक्तिचित्र आणि आपले चेहरे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर चित्रकलेचे शिक्षक होते आणि व्यक्तिचित्रण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. मी ज्या माध्यमात काम करतो ते त्यांच्या हयातीत नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये माणसांचे चेहरे घडवणं आणि तरुण मुलांना ते शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचं मी ठरवलं आहे. समोर रंग-कुंचल्यात आयुष्य घालवलेली ज्येष्ठ मंडळी बसली आहेत आणि मागे खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली मुलं उभी आहेत. दोघांनाही उद्देशून बोलायचा माझा प्रयत्न राहील.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. थ्रीडी चेहरा ही एक गोष्ट आणि थ्रीडी व्यक्तिचित्र ही दुसरी. चेहरा आज सॉफ्टवेअर अर्ध्या तासात देतं. व्यक्तिचित्रासाठी मात्र एका ठरावीक माणसाकडे कुणीतरी मन लावून पाहावं लागतं. आणि ज्यांच्याकडे या माध्यमानं आजवर फार कमी पाहिलं आहे, त्यांत आपण आहोत. सावळी, उन्हात रापलेली, वय झालेली आपली माणसं आहेत.

या माध्यमाची सुरुवातच एका चेहऱ्यापासून झाली. १९७१ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आंरी गुरो हा फ्रेंच संशोधक पीएच.डी. करत होता. तेव्हा संगणकावर कुठलीही वस्तू सपाट बहुकोन जोडून उभी करत. त्यामुळे गोल वस्तूलाही पैलू पडल्यासारखे दिसत. गुरोनं या कडा नाहीशा करणारी रीत शोधली. उजेडाचं गणित फक्त बहुकोनाच्या कोपऱ्यांवर करायचं आणि मधल्या जागेत त्या किमती हळूहळू बदलत न्यायच्या. हे सिद्ध करायला त्याला गोलाई असलेला, अवघड असा पृष्ठभाग हवा होता. त्यानं आपल्या पत्नीच्या, सिल्व्हीच्या चेहऱ्यावर पेन्सिलीनं रेघा आखल्या, वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि त्यावरून एकेका बिंदूचं माप घेतलं. संगणकात घडवलेल्या माणसांच्या पहिल्यावहिल्या चेहऱ्यांपैकी हा एक.

पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात एड कॅटमलनं स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर शाईनं ३५० त्रिकोण आणि बहुकोन आखले आणि तो हात पडद्यावर हलवून दाखवला. त्याचा सहकारी फ्रेड पार्क यानं हावभाव करणारा चेहरा तयार केला. बुई तुआँग फाँग हा व्हिएतनामी तरुण तिथेच पृष्ठभागावरच्या चकाकीचं गणित मांडत होता. त्याचा शोधनिबंध १९७५ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी आजारानं तो गेला. आजही थ्रीडीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी ‘फाँग’ हे नाव रोज घेतो. ते एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस ऐन तारुण्यात गेला, हे मी प्रत्येक वर्गात सांगतो.

सिल्व्हीच्या चेहऱ्याकडे परत येतो. तो चेहरा मोजला गेला, कारण एक सूत्र सिद्ध करायचं होतं. सिल्व्ही कशी हसते, विचारात पडली की कशी दिसते, हा त्या संशोधनाचा प्रश्न नव्हता आणि तसा तो असण्याचं कारणही नव्हतं. पण पुढची कित्येक वर्षं हेच चालू राहिलं. माणसाचा चेहरा हा संगणकशास्त्राचा एक अवघड प्रश्न होऊन बसला. डोळे सोडवा, केस सोडवा, त्वचा सोडवा. एकेक प्रश्न सुटत गेला, आणि चेहरा नेमका कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं.

यांतल्या त्वचेच्या प्रश्नाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा आधार तिथे आहे.

नव्वदच्या दशकात संगणकावरची माणसं प्लास्टिकची का दिसत? कारण उजेड त्वचेवर पडतो आणि तिथूनच परत फिरतो, असं गणित धरलं होतं. खरी त्वचा तशी वागत नाही. थोडा उजेड वरच्या थरावरून परततो, ती चकाकी. बाकीचा आत शिरतो, पेशींमध्ये आणि रक्तात भटकतो आणि शिरला तिथून थोडा दूर, रंग बदलून बाहेर येतो. लाल उजेड सर्वांत लांब जातो, निळा सर्वांत कमी. म्हणून सावलीची कड त्वचेवर पडते तेव्हा तिला एक तांबूस किनार येते. कानाच्या मागे सूर्य असला की पाळी लालबुंद दिसते. २००१ साली हेन्रिक वान जेन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनराहन यांनी या भटकंतीचं व्यवहारात वापरता येईल असं गणित मांडलं. त्या निबंधात संगमरवर होता, दूध होतं आणि माणसाचा चेहराही होता. पुढल्या वर्षी ‘द टू टॉवर्स’ चित्रपटात गॉलम हे पात्र आलं आणि पडद्यावरचं संगणकी शरीर पहिल्यांदा मांसाचं वाटलं. जेन्सन, मार्शनर आणि हॅनराहन यांना पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

इथे बसलेल्या चित्रकारांना यात नवल वाटणार नाही. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कॅलेंडरवर, कुणाच्या दिवाणखान्यात, नाहीतर म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात प्रत्यक्ष. ते राजा रविवर्म्यांचं आहे असं आजही बरेच जण समजतात, म्हणून हळदणकरांचं नाव पुन्हा एकदा उच्चारतो. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी ते केलं आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. तिनं ज्योतीपुढे हात धरला आहे आणि बोटांमधून उजेड झिरपतो आहे. बोटांच्या कडांवरची ती लाली म्हणजे जेन्सनच्या गणितातला त्वचेत भटकून आलेला उजेड. हळदणकरांकडे समीकरण नव्हतं, त्यांच्याकडे डोळा होता. आणि तो डोळा आपल्या मुलीकडे पाहत होता, म्हणून त्या चित्रात प्रकाशाचा नुसता प्रयोग दिसत नाही, मुलगी दिसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो.

थ्रीडीत व्यक्तिचित्र घडवताना पहिले काही दिवस संगणक लागतच नाही. त्या माणसाबरोबर बसावं लागतं. तो बोलताना कुठली भुवई उचलतो, ऐकताना ओठ मिटतो की अर्धवट उघडे ठेवतो, हे टिपून घ्यावं लागतं. मग फोटो. हल्ली मुलं मोबाइल हातभर अंतरावर धरून फोटो काढतात, आणि तिथूनच चेहरा बिघडायला सुरुवात होते. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे पळतात. दोन मीटर तरी लांब उभं राहावं आणि झूम करून घ्यावं. समोरून, बाजूनं, पाऊण बाजूनं, खालून, वरून. शक्य असेल तर दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात ध्रुवण फिल्टर लावून एक संच काढावा. त्यात त्वचेची चकाकी निघून जाते आणि खालचा निव्वळ रंग हाती येतो. तो पुढे फार उपयोगी पडतो.

त्यानंतर स्कल्प्टिंग. झेडब्रश सॉफ्टवेअरमध्ये करा, ब्लेंडरमध्ये करा, शाडूच्या गोळ्यावर करतो तेच इथे करायचं आहे. आधी कवटी, मग मांस. कपाळाचा उतार, गालाच्या हाडाची रुंदी, जबड्याचा कोन, या तीन गोष्टी जमल्या तर डोळे-नाक नसतानाही माणूस ओळखू येतो. माझ्या वर्गात मी आधी सगळ्यांच्या मॉडेलवरचा उजेड घालवून फक्त काळी बाह्याकृती पडद्यावर लावतो. तिच्यावरून घरचं माणूस ओळखलं जात नसेल तर पुढे जायचं नाही, असा नियम आहे. मुलांना तो जाचक वाटतो. त्यांना त्वचेवरची छिद्रं काढायची घाई असते, कारण छिद्रं दिसली की चित्र खरं वाटायला लागतं. पण चुकीच्या कवटीवर कितीही बारीक छिद्रं काढली तरी तो माणूस काही येत नाही.

सममितीचंही तसंच आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. डावीकडे हात फिरवला की उजवीकडे आपोआप तसंच घडतं. सुरुवातीला ती वापरावी आणि लवकरात लवकर बंद करावी. कुणाचाही चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. एका बाजूनं चावायची सवय, लहानपणी मोडलेलं नाक, पडलेले दात, अर्धांगाच्या झटक्यातून सावरलेला ओठ, हे सगळं त्या डाव्या-उजव्यातल्या फरकात असतं. आयुष्य तिथे लिहिलेलं असतं आणि ती सोय बंद केली नाही तर नेमकं तेच पुसलं जातं.

डोळ्यांबद्दल थोडं. प्रौढ माणसाचा बुबुळासकट सबंध नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यात माणसामाणसांत फारसा फरक नसतो. मोठे डोळे, बारीक डोळे असं आपण म्हणतो तो फरक पापण्यांचा. म्हणून मी आधी त्या मापाचा गोल बसवतो आणि त्यावर पापण्या पांघरतो. पापणीला जाडी हवी. खालच्या पापणीच्या काठावर पाण्याची एक बारीक रेघ असते, ती नसली की डोळा कोरडा आणि मेलेला दिसतो. पांढरा भाग पांढरा ठेवायचा नाही, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडलीच पाहिजे. पारदर्शक पटल किंचित पुढे आलेलं असतं आणि रंगीत पडदा त्याच्या मागे असतो, त्यामुळे बाजूनं आलेला उजेड पटलातून वाकून पडद्याची पलीकडची बाजू उजळतो. म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाभोवती पुष्कळदा राखाडी कडं दिसतं. तयार मॉडेलच्या डोळ्यात ते कधी नसतं. ज्यानं आजीच्या डोळ्यांत पाहिलं आहे, त्यालाच ते काढायचं सुचतं.

मेशची, म्हणजे बहुकोनांच्या जाळीची, फेरबांधणी, त्या पृष्ठभागाचा सपाट नकाशा उलगडणं, सूक्ष्म उंचसखल पोत वेगळ्या चित्रात साठवणं, ही मधली सगळी कामं शिकून येणारी आहेत. त्यात सहा महिने घालवले की हात बसतो, म्हणून त्यावर इथे वेळ घालवत नाही. फक्त एक नियम सांगतो. त्वचेच्या रंगाच्या चित्रात सावली मिसळू द्यायची नाही. दुपारच्या उन्हात काढलेला फोटो तसाच चेहऱ्यावर चिकटवला तर ते ऊन कायमचं त्या त्वचेत राहतं, आणि मग तुम्ही कुठलाही दिवा लावा, चेहरा खोटाच दिसतो.

आता आपल्या त्वचेचा मुद्दा.

येल विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर किम यांनी २०२० साली एक स्पष्ट गोष्ट जगासमोर मांडली. संगणकी माणसाच्या त्वचेवरचं संशोधन वर्षानुवर्षं उजेड त्वचेत शिरून पसरण्याभोवती फिरत राहिलं आणि तो परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो गोऱ्या, तरुण त्वचेत. केसांच्या बाबतीतही सरळ केस हेच प्रमाण धरले गेले. हे किम स्वतः त्या क्षेत्रात काम करून सांगतात, म्हणून त्याला वजन आहे. छायाचित्रणातही पूर्वी असंच झालं होतं. कोडॅकच्या रंगांचा तोल साधण्यासाठी प्रयोगशाळांत जी नमुन्याची कार्डं वापरत, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे, आणि त्या मापावर सगळ्या जगाचे फोटो छापले जात.

गडद त्वचेत काय होतं ते सांगतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य वरच्या थरात असतं आणि ते आत जाणारा आणि बाहेर येणारा उजेड शोषतं. त्यामुळे आत भटकून परत येणारा उजेड कमी होतो. मात्र पृष्ठभागावरून परतणारी चकाकी गोऱ्या आणि काळ्या त्वचेत जवळजवळ सारखीच असते. खालचा रंग गडद असल्यामुळे ती चकाकी जास्त ठळक दिसते, आणि चेहऱ्याचा आकार मुख्यतः तिच्यावरूनच कळतो. म्हणजे सावळ्या चेहऱ्याचं व्यक्तिचित्र करताना खरी मेहनत पृष्ठभागाच्या खडबडीतपणाच्या नकाशावर घ्यायची असते. कपाळ कुठे तेलकट आहे, गाल कुठे कोरडा आहे, नाकाच्या शेंड्यावर किती चमक आहे, हे नीट मांडावं लागतं. ब्लेंडरच्या मूळ शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग उजेडाशी कसा वागतो ते ठरवणाऱ्या भागात, उजेड आत पसरण्याचं प्रमाण लालला १, हिरव्याला ०.२ आणि निळ्याला ०.१ असं आधीच भरलेलं येतं. मुलं ते आकडे तसेच ठेवतात, रंग तेवढा गडद करतात आणि मग विचारतात, चेहरा रबरासारखा का दिसतो? आकडे प्रमाण मानायचे नसतात, समोरचा माणूस प्रमाण मानायचा असतो.

एका परदेशी व्हिडिओ गेमच्या कामात मी हे जवळून पाहिलं आहे. भारतीय शेतकरी हवा होता. तयार संग्रहातलं एक युरोपी डोकं घेतलं गेलं, रंग तपकिरी केला, मिशी लावली आणि पागोटं चढवलं. कामावर असलेल्यांपैकी निम्मी मुलं आपलीच होती, त्यांतल्या कितीतरी जणांचे वडील शेती करत होते. आपल्या बापाचा चेहरा कसा असतो, हे त्या टेबलावर कुणी बोललं नाही, कारण तसं विचारायची तिथे पद्धतच नव्हती. मला ही गोष्ट अजून टोचते.

कारण शेतकऱ्याचा चेहरा फार बारकाईनं पाहण्यासारखा असतो. आयुष्यभर टोपी घातलेल्या माणसाच्या कपाळावर एक आडवी रेघ असते. वरचं कपाळ उजळ, खालचा चेहरा रापलेला. टोपी काढली की ती रेघ दिसते आणि त्या माणसाला थोडं उघडं पडल्यासारखं होतं. मानेवर मागच्या बाजूला उन्हानं चौकटी पडलेल्या असतात. त्या सुरकुत्या हसण्यातून आलेल्या नसतात, वाकण्यातून आलेल्या असतात, त्यामुळे त्यांची दिशा वेगळी असते.

बायकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण घ्या. आजही खेड्यापाड्यांत कपाळावर, हनुवटीवर हिरवट ठिपके असलेल्या आज्या भेटतात. थ्रीडीत गोंदण करायचं म्हटलं की विद्यार्थी हिरवा रंग त्वचेवर रंगवून मोकळा होतो, आणि ते स्टिकरसारखं दिसतं. गोंदणाची शाई त्वचेच्या आतल्या थरात असते. तिच्यावर जिवंत त्वचेचा पडदा असतो, म्हणून काळी शाईही हिरवट-निळी दिसते, तिच्या कडा वर्षानुवर्षांत विरत जातात आणि वरची त्वचेची चकाकी तिच्यावरून अखंड जाते. त्याच कपाळावरचं कुंकू मात्र याच्या अगदी उलट. ते त्वचेच्या वर असतं, कोरडं असतं, त्याच्यावर चकाकी पडत नाही आणि घामानं त्याची कड ओघळते. एकाच कपाळावर दोन तांबडे-हिरवे ठिपके, आणि उजेडाशी दोघांचं वागणं पूर्ण वेगळं. हे कुठल्याही परदेशी ट्यूटोरियलमध्ये मिळणार नाही, कारण ते करणाऱ्यांना असं कपाळ कधी दिसलेलंच नाही. ते आपणच सोडवायचं आहे आणि ते सुटण्यासारखं आहे. गोंदण उजेड पसरण्याच्या थरात घाला, कुंकवाला वेगळी भूमिती आणि वेगळा शेडर द्या.

केसांचंही तसंच. एका माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि आजची सॉफ्टवेअर ते एकेक करून दाखवू शकतात. २००१ च्या ‘फायनल फँटसी’ चित्रपटातल्या नायिकेच्या ६०,००० केसांचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! २००३ मध्ये मार्शनर आणि सहकाऱ्यांनी केसाच्या एकेका तंतूतून उजेड कसा जातो याचं गणित दिलं. पण खोबरेल तेल लावून चापून विंचरलेल्या केसांत उजेड कसा दिसतो? केस सुटे राहत नाहीत, त्यांचे पट्टे होतात, भांगाजवळ टाळू चकाकते आणि अंबाड्यावर एक सलग पांढरी रेघ उमटते. हे पाहून करायचं काम आहे. जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी, नथीसाठी टोचलेलं आणि आता रिकामं असलेलं नाकाचं भोक, तंबाखूनं काळवंडलेला ओठ, यांतली एकेक गोष्ट एखाद्या बाईचं आख्खं आयुष्य सांगते.

इथे कुणीतरी विचारेल, एवढी मेहनत कशाला, यंत्रानं चेहरा सरळ स्कॅन करावा. विचारायला हवं. पॉल डेबेवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइट स्टेज नावाचं उपकरण केलं आहे, चहूबाजूंनी दिवे लावलेला एक मोठा गोल पिंजरा. माणूस मध्ये बसतो, दिवे क्रमानं लागतात आणि त्याच्या त्वचेचं उजेडाशी असलेलं नातं काही सेकंदांत नोंदलं जातं. २००८ मध्ये एमिली ओब्रायन या अभिनेत्रीचा असा संगणकी चेहरा त्यांनी दाखवला आणि भल्याभल्यांना तो खरा वाटला. २०१४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेनं याच तंत्रानं बराक ओबामांचं मस्तक नोंदवून त्रिमितीत छापलं. त्यामागे प्रेरणा होती अब्राहम लिंकनच्या हयातीत त्यांच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्यांची. १८६० चा साचा आणि १८६५ चा साचा शेजारी ठेवले तर यादवी युद्धाची वर्षं त्या चेहऱ्यावर काय करून गेली ते दिसतं.

मी स्कॅनच्या विरोधात नाही. ओबामांच्या त्वचेची ती नोंद मौल्यवान आहे. पण लिओनार्ड व्होक या शिल्पकारानं १८६० चा साचा घेतला तो त्यावरून लिंकनचा अर्धपुतळा करण्यासाठी. साचा ही त्याची सामग्री होती, काम पुढे होतं. साचा घेताना माणूस डोळे मिटतो, ताठ बसतो. स्कॅनमध्येही तसंच होतं. त्या क्षणी तो कुणाशीच बोलत नसतो. तो कुणाशी तरी बोलत असतानाचा चेहरा कलावंताला पाहून, आठवून, निवडून करावा लागतो. इयन स्प्रिग्ज हा कॅनडात राहणारा कलावंत आपल्या मित्रांची, घरच्यांची आणि स्वतःची थ्रीडी व्यक्तिचित्रं करतो. जुन्या युरोपी चित्रकारांचा एकाच खिडकीतून आल्यासारखा उजेड तो वापरतो. त्याची चित्रं मुलांनी जरूर पाहावीत. तंत्रासाठी पाहावीतच, पण त्याहून जास्त यासाठी की तो अनोळखी सुंदर चेहरे करत बसत नाही, ओळखीची माणसं करतो.

आणि उलट बाजूला आहेत तयार चेहरे. २०२१ पासून मेटाह्यूमनसारखी साधनं आली. चार चेहरे घ्या, पट्ट्या सरकवा, पाचवा तयार. खेळासाठी पन्नास माणसांची गर्दी हवी असेल तर हे उत्तमच. मात्र पट्ट्या सरकवून मिळालेला चेहरा त्या संग्रहात जे चेहरे आधी आहेत त्यांच्या मधलाच कुठला तरी असणार. संग्रहात आपली आजी नसेल तर पट्टी कितीही सरकवली तरी ती येणार नाही. म्हणून हे काम हातानं करणारी माणसं आपल्यात हवीत.

साधनं महाग आहेत, ही सबब आता उरलेली नाही. ब्लेंडर हे हॉलंडमधल्या टोन रोझेंडालनं उभं केलेलं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये त्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्यानं लोकांना आवाहन केलं. एक लाख युरो जमा झाले तर हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं होईल. सात आठवड्यांत ते पैसे जमले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त परवान्याखाली आलं. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक साधन सगळ्या जगासाठी सोडवून घेतलं, याचं मला फार मोल वाटतं. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियातल्या दिग्दर्शकाचा अॅनिमेशनपट याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये झाला. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला एखादा संगणक तालुक्याच्या कॉलेजातही असतो. एक चेहरा रेंडर व्हायला, म्हणजे त्याचं अंतिम चित्र तयार व्हायला, रात्र लागली तर लागू दे.

राहिला प्रश्न चेहरे कुणाचे करायचे याचा. अलिबागजवळ सासवण्याला विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे. पुण्यातला १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा करणारे ते शिल्पकार. राजे-महाराजांची, पुढाऱ्यांची कामं त्यांनी केलीच. पण त्या घराच्या अंगणात आणि खोल्यांत त्यांनी घडवलेली साधी, आसपासची माणसंही भेटतात. सासवण्याला जाऊन या आणि तिथल्या कोळणीच्या शिल्पासमोर थोडा वेळ उभे राहा. आपण कुणाचे चेहरे करावेत, याचं उत्तर त्यांनी देऊन ठेवलेलं आहे.

मागे उभ्या असलेल्या मुलांना माझं एक काम आहे. येत्या वर्षात प्रत्येकानं ओळखीच्या एकाच माणसाचं व्यक्तिचित्र थ्रीडीत करावं. आजी चालेल, भाजीवाल्या मावशी चालतील, शाळेतले शिपाईमामा चालतील. त्यांना आधी नीट समजावून सांगा की तुम्ही काय करणार आहात आणि ते कुठे दाखवणार आहात. त्यांचा होकार घ्या, आणि नको म्हणाले तर आग्रह करू नका. चेहरा त्यांचा आहे. त्यांच्या फाइल्स कुणालाही विकू नका, कुठल्याही संग्रहात टाकू नका. काम झालं की सगळ्यांत आधी त्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. त्यांना स्वतःची ओळख पटली नाही तर पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसा. चित्राखाली त्यांचं नाव आणि गाव लिहा, सॉफ्टवेअरचं नाव नंतर.

आणि संयोजकांना विनंती. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या वेळी सभागृहाबाहेरची एक भिंत या कामांसाठी राखून ठेवा, आणि ज्यांची ती व्यक्तिचित्रं असतील त्यांना पहिल्या रांगेत बसायला बोलवा.